तुझ्या कंपनीला गेट कुठे आहे?

कोथरूड, पुणे
मंगळवार

चि. मृणाल हिस अनेक आशीर्वाद.

रविवारी तू न जेवता रिक्षा बोलावलीस आणि बाणेरला निघून गेलीस. डाळिंब्यांची उसळ तुझ्यासाठीच होती. आई दोन दिवस तीच खाते आहे आणि माझ्याशी मोजून मापून बोलते आहे. फोनवर आपलं भांडणच होतं, म्हणून लिहितो. नोकरीबद्दल एक अक्षर काढायचं नाही असं ठरवून बसलोय.

आधी माझी चूक. तुझी मुलाखत चालू असताना मी चहा घेऊन आत यायला नको होतं. वाटलं, समोर साहेबलोक असतील, म्हणून वाकून स्क्रीनला नमस्कार केला. बघतो तर तिथे माणूसच नाही! नुसता प्रश्न, कोपऱ्यात उलटं मोजणारं घड्याळ, आणि तू त्या रिकाम्या चौकोनाकडे बघून हसून उत्तर देत होतीस. तू मागाहून सांगितलंस की हे सगळं रेकॉर्ड होतं, आधी यंत्र चाळणी लावतं, त्यातून उरलीस तर कुणी माणूस बघतो. मी हसलो ते तुला लागलं. तुला नव्हतो गं हसलो, स्वतःच्या नमस्काराला हसलो.

पण घरूनच काम करायचं म्हणालीस, तेव्हा तुझ्या कंपनीला गेट कुठे आहे, असं विचारलं त्यात काय चुकलं? झालं, आलोच तिथे.

भोसरीला एकतीस वर्षं टाइम ऑफिसात काढली. पहिल्या पाळीला सात वाजून दहा मिनिटांनी मला ठाऊक असायचं कोण आलंय आणि कोण नाही. प्रेस शॉपमध्ये एक जण होता, कधी खाडा नाही. एक दिवस त्याचं कार्ड पंच झालं नाही. दुपारी सायकल काढून कासारवाडीला त्याच्या चाळीत गेलो. दार आतून बंद, माणूस तापाने बेशुद्ध. बायको-पोरं गावाला. दादा तेव्हा तुझ्या आईच्या पोटात होता, मी रात्री उशिरा घरी आलो म्हणून ती रागावली होती. कार्ड पंच झालं नाही, एवढ्यावरून तो माणूस वाचला. तू कॉम्प्युटर उघडला नाहीस, तर तिकडे कुणाच्या लक्षात येईल?

तू म्हणशील, गेट असलेल्यांनी काय दिवे लावले? खरंय. तुझ्या आधीच्या खराडीच्या कंपनीला गेट होतं, गळ्यात पट्टा होता. एप्रिलमध्ये पंधरा मिनिटांच्या व्हिडिओ कॉलवर तुमच्यातल्या अकरा जणांना घरी बसवलं आणि संध्याकाळच्या आत लॅपटॉप बंद. तू रडली नाहीस. दुसऱ्या दिवशी आईला घेऊन लक्ष्मी रोडला गेलीस. मला अभिमान वाटला, आणि धसकाही बसला.

2020 च्या मार्चनंतर सगळे घरी बसले तेव्हा कंपन्यांनी लातूर-सांगलीची पोरंही न भेटता घेतली. आता वारं फिरलंय. अ‍ॅमेझॉनने 2025 च्या जानेवारीपासून पाचही दिवस ऑफिसात बोलावलं, बरेच बाकीचे दोन-तीन दिवसांवर आलेत. घरून करायच्या जागा आटल्या, अर्ज मात्र देशभरातून. पूर्वी तुझी चुरस हिंजवडी-मगरपट्ट्यातल्या मुलांशी असायची. आता इंदूर आणि कोचीही त्याच रांगेत. तेव्हा तीन महिन्यांत दोनच बोलावणी आली म्हणून स्वतःला कमी लेखू नकोस. रविवारी खरं तर हे बोलायचं होतं. बोललो भलतंच.

त्या अमेरिकेच्या कंपनीने तुला पाठवलेलं कॉन्ट्रॅक्ट मी दोनदा वाचलं. आई म्हणते चारदा. त्यात तू नोकर नाहीस, स्वतंत्र व्यावसायिक आहेस. म्हणून आकडा फुगलेला दिसतो. पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, भरपगारी आजारपण नाही. बेसिकच्या 12 टक्के तू भरायचीस आणि तेवढेच कंपनी भरायची, ते कंपनीचे आता विसर. मेडिक्लेम तुझा तू, अ‍ॅडव्हान्स टॅक्सच्या तारखाही तूच सांभाळायच्या. भारतातल्या एखाद्या मधल्या कंपनीच्या पगारपत्रकावर घेतील का, हे विचार. असं करणाऱ्या परदेशी कंपन्या आहेत. नोटीस सात दिवसांची लिहिलीय. सात! शिवाय नोव्हेंबरात न्यूयॉर्कची घड्याळं तासभर मागे जातात, म्हणजे तुझी साडेसातची मीटिंग साडेआठला. जेवणार कधी?

लेक्चर झालं. माफ कर.

मुलाखतीच्या आधी कॅमेरा खोलीभर फिरवून दाखवायला लावतात, याचा तुला अपमान वाटला. मला मात्र ते ओळखीचं वाटलं. आमच्याकडे एकाचं कार्ड दुसरा पंच करायचा, तसं आता एकाच्या नावावर दुसराच उत्तरं देतो. काही कंपन्या म्हणे शेवटची फेरी पुन्हा समोरासमोर घेतात. घेऊ देत, तू समोर जास्त बरी बोलतेस. फसवणारे दोन्हीकडे आहेत. बी विंगमधल्या पोराने लॅपटॉपचं डिपॉझिट म्हणून साडेअठरा हजार भरले. ऑफर लेटर सुंदर होतं, कंपनीच नव्हती. मी त्याला 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायला लावला, पण तोवर दोन दिवस गेले होते. तुला कुणी पैसे मागितले तर आधी मला सांग, मग हवं तर रागाव.

गेटचं मी पुन्हा काढणार नाही. रुजू झालीस तर त्यांच्यातल्या एका माणसाचं नाव आणि नंबर तेवढा कळव. तुझ्यासोबत राहणाऱ्या मुलीचा नंबर आहे, पण ती शनिवारी गावी जाते.

पुढची फेरी गुरुवारी आहे असं आईकडून कळलं. बाणेरला तुमच्याकडे गोंगाट असतो, इकडेच ये. गुरुवारी लाईट जाते, म्हणून इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घातलंय आणि राउटर त्यावर जोडलाय. मी आत येणार नाही. चहा दाराबाहेर स्टुलावर ठेवीन.

तुझे
बाबा