नवं सिमेंट जरूर आणा, पण तराईचे पैसे वेगळे द्या

मा. सार्वजनिक बांधकाम मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सा. न. वि. वि.

चुनखडी आणि भाजलेली चिकणमाती मिसळलेल्या सिमेंटचं भारतीय मानक, आयएस १८१८९, २०२३ साली आलं. आज ना उद्या ते पोतं नागपूरच्या साइटवर उतरणार, आणि उतरावंच. साधं सिमेंट म्हणजे जवळपास सगळं क्लिंकर, म्हणजे चुनखडी भट्टीत भाजून केलेला माल. नव्या सिमेंटात ते निम्म्यावर आणता येतं, तेवढा भट्टीतला कार्बन डायऑक्साइड वाचतो. ‘चुनखडीची भेसळ’ ही ओरड मला पटत नाही. युरोपात चुनखडीमिश्रित सिमेंट कधीचंच रुळलंय.

मला धास्ती आहे ती नवतप्याची, मे अखेरच्या त्या नऊ रणरणत्या दिवसांची.

क्लिंकर घटलं की काँक्रीटमधला चुना घटतो. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडला थोपवून सळईला गंजापासून राखतो तो हाच चुना. तो कमी, म्हणजे सगळी भिस्त काँक्रीटच्या घट्टपणावर. मिश्रणात पाणी बेताचं, सळईवरचं काँक्रीटचं कव्हर पुरेसं आणि तराई, म्हणजे पाणी मारून काँक्रीट ओलं ठेवणं, चोख असेल तर काही बिघडत नाही. पण मे महिन्यात ४५ अंशांत साचा काढलेला कॉलम दुसऱ्याच दिवशी कोरडा पडला, तर सळई झाकणारा बाहेरचा थरच कच्चा राहतो. खाऱ्या हवेत हे सिमेंट उलट सरस ठरतं, पण नागपूरला समुद्र कुठला!

चाचणीच्या रिपोर्टात यातलं काही दिसत नाही. क्यूब, म्हणजे काँक्रीटचा नमुना ठोकळा, २८ दिवस २७ अंशांच्या टाकीत डुंबतो आणि पास होतो. उन्हात उभ्या कॉलमला कोण विचारतं?

काँक्रीट बांधकामाचं मानक, आयएस ४५६, मिश्र सिमेंटला किमान १० दिवस तराई सांगतं, शक्यतो १४. निविदेत मात्र ती काँक्रीटच्या दरातच धरलेली, त्यामुळे न मारलेलं पाणी हा ठेकेदाराचा नफा. ती वेगळी बाब करा, दिवसांवर पैसे द्या. वर्षाने कॉलमचा तुकडा फोडून फेनॉल्फ्थेलिन फवारा; चुना शाबूत असेल तिथे हे रसायन गुलाबी होतं. गुलाबी झालं तिथवर सळई सुरक्षित, रंग आला नाही तिथवर हवा पोचली. खर्च किरकोळ आहे.

सुरुवात सिमेंट रस्त्यांपासून करावी. तिथे सळई नावापुरती. तराई चुकली तर पृष्ठभाग झिजेल, धूळ सुटेल, पण डोक्यावर काही कोसळणार नाही. पूल आणि इमारती त्यानंतर.

येत्या उन्हाळ्याआधी निदान नागपूर विभागाच्या निविदांत एवढा बदल व्हावा. आणि टँकर कोणी आणायचा, तेही त्यातच लिहा.

आपला,
एक स्थापत्य अभियंता, नागपूर