जाड खंडांना मुदतही तशीच हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अद्भुतरम्य महाकादंबऱ्यांचा विषय निघाला की ‘इतकी पानं हवीतच कशाला?’ हा प्रश्न ठरलेला. आपल्या गेल्या रविवारच्या पुरवणीतल्या लेखाचा सूरही तोच होता, म्हणून हे पत्र.

टॉल्किनच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये पहिल्या खंडाच्या दुसऱ्याच प्रकरणात एक बोलणं येतं. बिल्बो या पात्राला अंगठीने झपाटलेल्या गॉलमला ठार करता आलं असतं, पण बिल्बोला त्याची दया आली. वाचक हे वाचतो आणि विसरतो. मग खाणी, वेढे, दलदल, संपत आलेला शिधा. आठ-नऊशे पानांनंतर ज्वालामुखीच्या तोंडाशी त्या दयेचा हिशेब पुरा होतो आणि अंगावर काटा येतो. दीडशे पानांच्या गोष्टीत हे साधत नाही, कारण तिथे विसरायला अवधीच मिळत नाही. या प्रकारातला खरा आनंद हाच आहे, आणि तो पानांच्या संख्येतूनच येतो.

पण वाचायची रीत सांभाळावी लागते. अनेक जण पहिल्या दोनशे पानांत पुस्तक खाली ठेवतात. नावं, घराणी, देश यांचा मारा होतो आणि सगळं पाठ झालं पाहिजे असं वाटतं. तशी गरज नसते. महत्त्वाचं माणूस लेखक पुन्हापुन्हा समोर आणतोच. स्टीव्हन एरिक्सनच्या दहा खंडी मालाझान मालिकेत तर वाचकाला थेट चालू युद्धात सोडलं जातं. तिथे धीर धरून पहिला खंड पुरा करणं एवढंच करावं. नावांसाठी इंटरनेटवर शोध घेऊ नये, पहिल्याच ओळीत त्या पात्राचा मृत्यू कळतो. पुस्तकाच्या शेवटची पात्रसूचीही जपूनच उघडावी. नकाशाची मात्र झेरॉक्स काढून खुणेच्या पट्टीसारखी आत ठेवावी. ई-रीडरच्या पडद्यावर नकाशातली अक्षरं सहसा नीट वाचता येत नाहीत.

दोन खंडांच्या वाचनात मोठं अंतर पडलं की धागा तुटतो. यावर बडोद्यातच जुना उपाय आहे. जुने गुजराती कवी प्रेमानंद यांची आख्यानं माणभट्ट, म्हणजे घागरीवर ताल धरून कथा सांगणारे, अनेक रात्री गात. कडव्याच्या शेवटी येणाऱ्या ओळींत, म्हणजे वलणात, झालेली कथा आवरून पुढची चाहूल द्यायची, ही त्यांची बांधणी. वाचकाने स्वतःचं वलण लिहावं. खंड संपला की लगेच दहा ओळी: कोण कुठे आहे, कोणाजवळ काय आहे, कोणतं कोडं सुटायचं आहे. पुढचा खंड वर्षाने हाती आला तरी अडत नाही.

काही जागी अडखळणं ठरलेलंच. जॉर्ज मार्टिनच्या ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ मालिकेचा चौथा खंड (2005) तीन आवडत्या पात्रांना बाजूला ठेवतो. ती पाचव्यात (2011) भेटतात, आणि त्या खंडाचा बराचसा काळ चौथ्याच्या समांतर चालतो. हे ठाऊक नसलं की वाचक चिडून थांबतो. सहावा अजून यायचा आहे, हेही सुरू करण्याआधी माहीत असावं. पूर्ण झालेलंच हवं असेल तर रॉबर्ट जॉर्डनची ‘द व्हील ऑफ टाइम’ घ्यावी: 14 खंड, सुमारे 44 लाख शब्द, 1990 ते 2013. जॉर्डन 2007 मध्ये गेले. शेवटचे तीन खंड ब्रँडन सँडरसन यांनी त्यांच्या टिपणांच्या आधारे पुरे केले. पूर्वकथेचा छोटा खंड दहाव्यानंतर आला, तो तेव्हाच वाचावा.

विकत घेताना मुखपृष्ठावरची बारीक अक्षरं बघावीत. आपल्याकडे मिळणाऱ्या काही ब्रिटिश पेपरबॅक आवृत्त्यांत एकाच खंडाचे दोन भाग केलेले असतात. ‘भाग एक’ घेऊन घरी आलेला माणूस ऐन लढाईच्या तोंडाशी अडकतो. हजार पानी पेपरबॅक नवा असताना पुढून-मागून थोडी थोडी पानं उघडत सैल करावा. एकदम मधोमध उघडला की डिंक तडकतो आणि पानांचे गठ्ठे सुटतात.

आता वाचनालयांविषयी. रोज चाळीस पानं वाचणाऱ्याला हजार पानांना 25 दिवस लागतात. पंधरा दिवसांच्या मुदतीत ती बसवायची तर रोज 67 पानं होतात. नोकरी-संसार सांभाळून ते कोणाला जमणार? याच बडोद्यात सयाजीराव महाराजांनी 1910 मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल बॉर्डन यांना बोलावून ग्रंथालयांची घडी बसवली आणि पेट्यांतून पुस्तकं खेडोपाडी पोहोचवली. आजच्या चालकांकडे मागणं त्या मानाने लहान आहे. आठशे पानांवरच्या खंडाला महिन्याची मुदत द्यावी, बाइंडिंगवर खंडाचा क्रमांक ठळक लिहावा, एका वाचकाला लागोपाठचे दोन खंड एकदम न्यायची मुभा असावी. आणि हरवलेला दुसरा खंड आधी आणावा, नवी मालिका मग. दुसरा नसला की तिसऱ्यापासून पुढचं सारं कपाट तसंच पडून राहतं.

आपला,
एक वाचक
दांडिया बाजार, बडोदे