बाबा, फितूर म्हणजे तसं काही नाही हो

प्रिय आई-बाबा,

फोनवर सांगून काही होत नाही, आई स्पीकर लावते आणि तुम्ही दोघं एकदमच बोलता, म्हणून लिहितेय. समन्स आलं म्हणजे बाबांनी काही केलंय असं नाही. आई, तू शेजारी सांगून आलीस म्हणे की ह्यांच्यावर केस झालीय, अगं केस देवळातल्या चोरीचा आरोप असलेल्या त्या पोरावर, बाबा नुसते पंच, म्हणजे पंचनाम्याचे साक्षीदार. 2022 ला काजूच्या बागेत पालापाचोळ्याखाली देवळातली समई सापडली, पंचनाम्यावर बाबांची सही आहे, तेवढंच विचारणार. चोरीचं कलम जुनंच, भारतीय दंड संहितेतलं 380. चोरी 1 जुलै 2024 नंतरची असती तर नव्या भारतीय न्याय संहितेतलं 305 लागलं असतं. बाबांना आकडे लागतात म्हणून लिहिलं.

आता त्या फितूर शब्दाचं. पेपरात 'साक्षीदार फितूर' वाचून बाबांची झोप उडालीय, कारण आपल्याला फितूर म्हटलं की किल्ल्याचा दरवाजा उघडून देणाराच आठवतो. कोर्टात तसं नाही हो. साक्षीदार आपल्याच बाजूच्या विरुद्ध बोलायला लागला तर सरकारी वकील कोर्टाची परवानगी घेऊन त्याचीच उलटतपासणी घेतात, त्यालाच 'होस्टाइल' म्हणतात, आणि गंमत म्हणजे साक्षीच्या कायद्यात हा शब्दच नाहीये! तसं झालं तरी सगळी साक्ष फुकट जात नाही. चार वर्षांपूर्वीचं एखादं आठवलं नाही तर सरळ 'आठवत नाही' म्हणा, विसरणं म्हणजे फितुरी नाही. आठवत नसलेलं ठासून सांगितलं तर मात्र पंचाईत.

आधी सरतपासणी, म्हणजे ज्यांनी साक्षीला बोलावलं त्यांच्याच वकिलाचे प्रश्न. सरकारी वकील 'समई गोणपाटात होती ना?' असं विचारणार नाहीत, उत्तर आधीच सुचवणाऱ्या अशा प्रश्नाला सूचक प्रश्न म्हणतात, तो चालत नाही, 'कशात होती?' असं विचारतील. आरोपीचे वकील मात्र उलटतपासणीत नेमकं तसंच विचारू शकतात. आणि मग म्हणतील, तुम्ही बागेत गेलाच नाहीत, पोलीस स्टेशनात बसून सही केलीत. बाबा, इथे तुमचा पारा चढणार, मला माहितीय! तीस वर्षं वर्गात तुम्ही प्रश्न विचारलेत, आता कोणी तुम्हाला विचारणार. पण तो अपमान नसतो, त्यांना आपली बाजू साक्षीदाराला बोलून दाखवावीच लागते, त्याला सजेशन म्हणतात. 'हे खरं नाही' एवढंच म्हणायचं आणि गप्प.

आणि चोर म्हणू नका. निकाल लागेपर्यंत तो आरोपी, गावात काहीही म्हणोत. उद्या संशयाचा फायदा मिळून सुटला तर सरपंचांसारखं 'कोर्टाने चोराला सोडलं' करत फिरू नका, पुरावा कमी पडला तर सुटणारच तो.

तुम्ही मराठीत किंवा कोंकणीत बोला, जज इंग्लिशमध्ये टाइप करून घेतील. शेवटी जबानी वाचून दाखवतात, तेव्हा मान डोलावत बसू नका, चूक वाटली तर तिथेच सांगा, घरी येऊन आईला सांगून काय उपयोग.

डिचोलीच्या कोर्टात सकाळच्या कदंबा बसने जा, चष्मा विसरू नका, सही ओळखायला लावतील. आई, तू गेलीस तर बाहेरच बस, आत येऊन खुणा करू नकोस बाई.

तुमची,
बाय