जुन्या घराची दुरुस्ती : आधी पाणी, मग वायर, रंग सर्वांत शेवटी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पहिले घर म्हणून जुने घर घेणाऱ्यांचा बहुतेक पैसा घर घेतानाच संपतो. दुरुस्तीला उरते ती बेताची रक्कम. घरसजावटीवर छापून येणाऱ्या मजकुरात रंगसंगती, स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्या आणि छताच्या नक्षीला भरपूर जागा असते. भिंतीच्या आत काय चालले आहे, यावर मात्र क्वचितच कोणी लिहिते. आम्ही दोघे याच कामात आहोत. आमच्या मते बेताचा पैसा वाया जातो तो महाग फरशी घेतल्याने नव्हे, तर कामांचा क्रम चुकल्याने. रंग झाल्यावर पाइप फुटतो आणि रंगासकट गिलावाही पुन्हा करावा लागतो. म्हणून हा क्रम आणि त्यामागची कारणे येथे सविस्तर लिहीत आहोत.

ओल दिसली की लोक ओल अडवणारा रंग आणतात. तो रंग सहा महिन्यांत पोपडे धरतो, कारण पाणी त्याच्या मागून येत असते. ओल कुठून येते हे आधी ठरवायला हवे आणि त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. डाग पावसातच वाढत असेल तर पाणी बाहेरून किंवा छतातून येते. अंघोळीनंतर तासा-दोन तासांत ओल वाढून पुन्हा ओसरत असेल तर दोष न्हाणीघराच्या जमिनीत किंवा सांडपाण्याच्या जोडात आहे. रात्रंदिवस, बारा महिने ओल सारखीच असेल तर पिण्या-वापराच्या पाण्याची, म्हणजे सतत दाबाखाली असणारी नळी गळते आहे. याची खात्री करण्यासाठी रात्री सगळे नळ आणि टाकीत पाणी भरणारा व्हॉल्व्ह बंद करून टाकीतल्या पातळीवर खूण करावी. सकाळी पातळी उतरलेली दिसली तर गळती नक्की. मात्र फ्लशच्या टाकीचा पडदाही रात्रभर पाणी सोडतो, म्हणून तिचा कॉकही बंद ठेवावा.

जमिनीपासून साधारण मीटरभर उंचीपर्यंतच पट्टा ओला असेल आणि त्यावर पांढरा लोणा फुटला असेल, तर ओल पायातून वर चढते आहे. हा लोणा पाण्याने धुऊ नये. धुतला की क्षार विरघळून परत भिंतीत जातात. कोरड्या ब्रशने झाडून गोळा करून टाकावा. कधी कधी भिंत आतून ओली नसतेच, खोलीतली वाफ थंड भिंतीवर धरते. हा फरक ओळखायला ४५ सेंमी चौरसाचा पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने हवाबंद चिकटवून एक-दोन दिवस ठेवावा. थेंब प्लॅस्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला आले तर ओल भिंतीतली. खोलीकडच्या बाजूला आले तर वायुवीजन सुधारावे, भिंत फोडू नये.

चुन्यात बांधलेल्या जुन्या भिंतींबाबत एक चूक सर्रास होते. अशी भिंत तिच्यातली ओल चुन्याच्या गिलाव्यातून हळूहळू हवेत सोडत असते. तिच्यावर घट्ट सिमेंटचा गिलावा आणि वर ऑइलपेंट बसवला की बाहेर पडायची वाट बंद होते, ओल आणखी वर चढते आणि वर्ष-दोन वर्षांत गिलावा भिंत सोडतो. चुन्याच्या भिंतीला चुन्याचाच गिलावा करावा. त्याचा कारागीर शोधायला वेळ लागतो, पण तो वेळ द्यावा.

गच्ची किंवा छत गळत असेल तर घरातल्या कोणत्याही कामाआधी ते हाती घ्यावे. आधी उतार तपासावा. पाणी निघून जाण्यासाठी दर मीटरला निदान १० मिमी उतार हवा. पाणी साचत असेल तर वर कितीही चांगला जलरोधक लेप दिला तरी तो टिकत नाही. भेगा व्ही आकारात कापून भराव्यात, सैल झालेला कोबा काढावा आणि गच्ची व कठड्याची भिंत मिळते त्या कोपऱ्यात गोलाई करून घ्यावी. काटकोनात लेप तुटतो. लेपाचे दोन हात एकमेकांना आडवे द्यावेत आणि लेप कठड्यावर सुमारे ३०० मिमीपर्यंत चढवावा. बहुतेक गळती सपाट भागातून होत नाही. ती कठड्याच्या कोपऱ्यातून आणि पावसाच्या पाइपाच्या तोंडापाशी होते. खिडकीच्या छज्ज्याखाली कडेला पाणी ठिबकून तुटेल अशी बारीक खाच आहे का, तेही पाहावे. ती खाच रंगाने किंवा मालाने बुजली की पाणी छज्ज्याच्या पोटाने भिंतीपर्यंत चालत येते.

आता न्हाणीघर. इथे काटकसर करायची तर नळ आणि आरसे साधे घ्यावेत, जलरोधनात हात आखडू नये. टाइलांच्या सांध्यांत नवा माल भरून गळती थांबवून देतो, असे सांगणारे भेटतात. दोष फक्त सांध्यांत असेल तर उपयोग होतो. नळी किंवा ट्रॅप (जमिनीतल्या जाळीखालचे, पाणी धरून दुर्गंधी अडवणारे भांडे) यांचा जोड गळत असेल तर अजिबात होत नाही, म्हणून ओल कुठून येते हे आधी सुरुवातीला सांगितलेल्या पद्धतीने ठरवावे. फोडायचेच ठरले तर पूर्ण स्लॅबपर्यंत फोडावे. स्लॅबमधून पाइप जातो त्या भोकाभोवती साधा सिमेंटचा माल भरला तर तो सुकताना आकसतो आणि तिथेच गळतीची वाट पडते. तिथे न आकसणारा ग्राउट (भोकात भरायचा पातळ माल) भरावा. लेप भिंतींवर ३०० मिमी आणि शॉवरच्या बाजूला १.८ मीटरपर्यंत न्यावा, उंबऱ्याखालूनही फिरवावा. मग ट्रॅपचे तोंड बंद करून २५ ते ५० मिमी पाणी भरून किमान २४ तास, जमल्यास ४८ तास ठेवावे आणि खालच्या मजल्यावरून छत पाहून घ्यावे. टाइल या चाचणीनंतरच बसवावी. हा टप्पा वगळण्याची घाई जवळजवळ प्रत्येक कामावर होते, आणि त्याची भरपाई पुन्हा सगळे फोडून करावी लागते. न्हाणीघराखाली स्लॅब खोलगट ठेवलेला असेल तर त्याचा भराव राडारोड्याने करू नये. त्याचे वजन तर पडतेच, शिवाय तो पाणी धरून ठेवतो. टाइलला ट्रॅपकडे मीटरला १० ते १२ मिमी उतार ठेवावा, शौचालयाच्या आडव्या पाइपाला मीटरला २५ मिमी. ट्रॅपमध्ये ५० मिमी पाणी उभे राहायला हवे. ते कमी पडले की दुर्गंधी येते आणि मग लोक ट्रॅपऐवजी सुगंधी गोळ्यांवर पैसे घालवतात.

जुने लोखंडी जस्ती पाइप आतून गंजून अरुंद होतात. नळाला धार बारीक येते ती पुष्कळदा यामुळे, पंप बसवून ती सुधारत नाही. उलट वाढलेल्या दाबाने गंजलेला पाइप फुटतो. भिंत उघडलीच आहे तर तिच्यातला तेवढा पाइप पूर्ण बदलावा, अर्धा जुना अर्धा नवा ठेवू नये. सीपीव्हीसीचे, म्हणजे गरम पाणीही सोसणाऱ्या प्लॅस्टिक पाइपाचे, जोड चिकटवल्यावर डब्यावर दिलेला वेळ वाळू द्यावेत आणि नेहमीच्या दाबाच्या दीडपट दाब देऊन चाचणी घ्यावी. झिऱ्या, म्हणजे पाइप-वायरसाठी भिंतीत कापलेल्या खाचा, बुजवायच्या त्यानंतरच. बुजवण्याआधी प्रत्येक भिंतीचे मोजपट्टी लावून फोटो काढावेत. पुढे कपाटासाठी ड्रिल मारताना हे फोटो पाइप वाचवतात.

झिऱ्यांचीही मर्यादा असते. भार घेणाऱ्या भिंतीत उभी झिरी जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा आणि आडवी एक षष्ठांशापेक्षा खोल नको. म्हणजे २३० मिमीच्या भिंतीत आडवी झिरी फार तर ३८ मिमी. लांबच लांब आडवी झिरी भिंतीला कमजोर करते. खोल्या एकत्र करण्यासाठी भिंत काढायची असेल तर भिंत पातळ आहे एवढ्यावरून ती भार घेत नाही, असे मानू नये. जुन्या घरात कॉलम-बीमचा सांगाडा असेलच असे नाही. इथे स्ट्रक्चरल इंजिनिअरची फी वाचवू नये. आमच्या मते संपूर्ण कामातला हा सर्वांत योग्य खर्च आहे.

स्लॅबच्या पोटाचे तुकडे पडून सळया दिसत असतील तर वरून गिलावा करून झाकू नये. गंजलेले लोखंड मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेते, त्यानेच काँक्रीट फुटते. गंज राहिला की नवा गिलावाही फुटणार. हातोडीने हलके ठोकत जावे, जिथे पोकळ आवाज येतो तिथपर्यंत सैल काँक्रीट काढावे, सळईच्या मागेही सुमारे २० मिमी. सळई तारेच्या ब्रशने चकचकीत करून गंजरोधक लेप द्यावा, मग जोडलेप (जुन्या काँक्रीटला नवा माल धरून ठेवणारा) आणि पॉलिमर मिसळलेला माल. सळईचा व्यास लक्षणीय घटला असेल तर जोडसळई लागते आणि त्याचा निर्णय इंजिनिअरचा. फोडण्यापूर्वी खालून टेकू लावणे अनिवार्य आहे.

विजेचे काम पाण्याइतकेच महत्त्वाचे. जुन्या घरांत कित्येकदा दोनच वायर असतात, अर्थिंग नसते. कुठे अॅल्युमिनियमची वायर असते आणि तिला पुढे तांब्याची पिळून जोडलेली असते. हे दोन धातू तापल्यावर वेगवेगळे प्रसरण पावतात, अॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर चढतो, जोड सैल होतो आणि तापतो. आग लागते ती अशा जोडांतून. वायरचे आवरण बोटाने वाकवल्यावर तुकडे होऊन पडत असेल तर पूर्ण वायरिंग बदलण्याला पर्याय नाही. दिव्या-पंख्यांना १.५ चौरस मिमी, सॉकेटला २.५ आणि गिझर-एसीला ४ चौरस मिमी तांब्याची वायर, प्रत्येक मोठ्या उपकरणाला मुख्य पेटीपासून स्वतंत्र लाइन. एमसीबी, म्हणजे प्रवाह जादा झाला की लाइन आपोआप तोडणारा स्विच, वायरप्रमाणे निवडायचा, उपकरणाप्रमाणे नव्हे. १.५ ला ६ किंवा १० अँपिअर, २.५ ला १६, ४ ला २०. वारंवार पडतो म्हणून १६ च्या जागी ३२ बसवला की वायरच फ्यूजचे काम करू लागते, तेही भिंतीच्या आत.

एमसीबी वायर वाचवतो, माणूस वाचवतो तो ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की प्रवाह तोडणारा स्विच. दोन्ही लागतात. जुन्या घरात आरसीसीबी बसवल्यावर तो सारखा पडतो अशी तक्रार येते आणि कोणीतरी तो काढून टाकतो. कारण बहुधा एकच असते : वेगवेगळ्या लाइनींचे न्यूट्रल (प्रवाह परत नेणाऱ्या वायर) कुठेतरी एकत्र बांधलेले असतात किंवा न्यूट्रल आणि अर्थ जोडलेले असतात. आरसीसीबीचा दोष नसतो, त्याने दाखवलेला दोष खरा असतो. तो शोधून काढावा. बसवल्यावर महिन्यातून एकदा चाचणीचे बटण दाबून पाहावे.

गिलाव्याचा अंदाज करताना : १० चौरस मीटर भिंत, १२ मिमी जाडी, सिमेंट-वाळूचे एकास चार प्रमाण, तर ५० किलोचे साधारण एक पोते सिमेंट लागते. भिंत ओळंब्यात नसेल तर जास्त. तीन महिन्यांहून जुने सिमेंट घेऊ नये. गिलाव्यावर सात दिवस पाणी मारावे आणि मग सुकायला सुमारे चार आठवडे द्यावेत. ओल्या गिलाव्यावर पुट्टी लावली की ती पापुद्र्यासारखी सुटते. या चार आठवड्यांत सुताराचे काम उरकता येते. जुना रंग कोरडा घासू नये, त्यात शिसे असू शकते. पाणी मारून ओला घासावा आणि लहान मुले त्या काळात घरात नसावीत. जुने सिमेंटचे पन्हळी पत्रे असतील तर त्यांत अॅस्बेस्टॉस असू शकते, ते तोडू-कापू नयेत.

फरशी शक्यतो ठेवावी. जुनी मोझॅक घासून उत्तम निघते : ६०, मग १२०, मग ३२० नंबरचा दगड आणि शेवटी पॉलिश. जुन्या फरशीवरच नवा जाड थर घालायचा मोह असेल तर वजन मोजावे. ५० मिमी सिमेंट-वाळूचा थर चौरस मीटरला शंभर किलोच्या आसपास भरतो, १० मिमीची टाइल त्यावर आणखी वीस-पंचवीस किलो. शिवाय सगळे दरवाजे खालून कापावे लागतात. टाइल घेतल्या तर १० टक्के जास्त, एकाच बॅचच्या घ्याव्यात आणि उरलेल्यांतली एक पेटी जपून ठेवावी. जुन्या लाकडी चौकटी वाळवी नसेल तर काढू नयेत. नवे बिजागर आणि पॉलिश पुरते.

कामाची बोली एकरकमी करू नये. कामाच्या प्रत्येक बाबीचा वेगळा दर, मापाचे एकक, मालाची जात आणि राडारोडा उचलण्याची जबाबदारी लिहून घ्यावी. पैसे टप्प्याटप्प्याने, चाचणी झाल्यावर द्यावेत. जलरोधनाच्या रकमेतला दहा टक्के हिस्सा एक जोराचा पाऊस पडून जाईपर्यंत राखून ठेवावा आणि हे सुरुवातीलाच ठरवावे. एकूण अंदाजाच्या १५ ते २० टक्के रक्कम वेगळी हवी, कारण भिंत उघडल्याशिवाय आतले दिसत नाही. ती मोडून फर्निचर करू नये. पैसे कमीच पडले तर कपाटे, छताची सजावट आणि रंगाचा शेवटचा हात पुढच्या वर्षावर ढकलता येतो. त्यासाठी काहीही फोडावे लागत नाही.

आपल्या पुरवणीत घरदुरुस्तीचा मजकूर छापताना पाणी भरून घ्यायची चाचणी, दाबाची चाचणी आणि आरसीसीबी या तीन गोष्टींना चौकटीत तरी जागा मिळावी, ही विनंती.

आपले,
एक स्थापत्य अभियंता व एक विद्युत कंत्राटदार