सिस्टर, चिठ्ठी आणू दिली नाहीत त्याबद्दल थँक्यू

सिस्टर नमस्कार,

तुम्ही व्हॉट्सॲपवर लांबलचक मेसेज वाचत नाही हे आमच्या अख्ख्या गल्लीला माहितीये, "काम काय ते सांग" एवढाच रिप्लाय येतो, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितोय, कोणीतरी वाचून दाखवेलच. आणि थँक्यू म्हटलं की तुम्ही लगेच बीपीची गोळी घेतली का विचारून विषय बदलता, ते आज जमणार नाही.

बाबा बरे आहेत. सकाळी दिघा गाव स्टेशनपर्यंत चालत जाऊन येतात, तंबाखू सुटली असं ते म्हणतात, आई म्हणते कुठची सुटते. पण चालतायत हे खरं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सिस्टर म्हणजे हॉस्पिटलच्या वॉर्डांत नोकरी केलेल्या नर्स. बाबा एमआयडीसीत एका कंपनीच्या गेटवर वॉचमन आहेत, म्हणजे कंपनीचे नाहीत, एजन्सीचे. नाईट करून घरी आले आणि छातीत कळ आली, घामाने शर्ट ओला, रिक्षात घालून जे पहिलं प्रायव्हेट हॉस्पिटल दिसलं तिथे नेलं. ईसीजी काढला, अटॅक आहे, अँजिओप्लास्टी लागेल, काउंटरला पन्नास हजार भरा. सरकारी आरोग्य योजनेचं विचारलं तर "योजनेचे बेड फुल्ल आहेत". आईने भिशीचे आणि ऐरोलीत ती ज्यांच्याकडे पोळ्या करते त्यांच्याकडून उचल घेऊन तीस हजार भरले, आणि मामाने जे आपल्याकडे कोणीही करतं तेच केलं, नगरसेवकाच्या ऑफिसला फोन लावला. (तेव्हा नवी मुंबईत सगळे माजीच होते, मुदत २०२० ला संपलेली आणि निवडणूकच झाली नव्हती, पण ऑफिसं आणि शिफारशीच्या चिठ्ठ्या मस्त चालू होत्या.) पलीकडून उत्तर आलं, साहेब बोलतील हॉस्पिटलशी, बिलात वीस टक्के कमी करून देतो, फक्त डिस्चार्जच्या वेळी एक फोटो काढू.

शेजारच्या काकूंनी तुम्हाला फोन केला नसता तर तो फोटो आज कुठल्यातरी बॅनरवर असता, बाबा व्हीलचेअरवर, आई हात जोडून.

तुम्ही आलात ती तुमची कापडी पिशवी, चष्म्याला दोरी, आणि आल्याआल्या काउंटरकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ विचारलंत, "आरोग्यमित्र कुठे बसतो?" आम्हाला वाटलं कोणी ओळखीचा मित्र असेल तुमचा, तो निघाला योजनेचा माणूस, पेशंटला मदत करायला हॉस्पिटलात बसवलेला. मेडिकलच्या मागे, जिथे कोणाचं लक्षच जाणार नाही अशा कोपऱ्यात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं टेबल होतं आणि त्यावर डबा उघडून एक पोरगा जेवत होता. तुम्ही त्याला आधी म्हणालात, जेव बाबा, दोन मिनिटं. मग म्हणालात, आता सांग, पेशंट कॅथलॅबच्या दारात आहे, फोनवरची मंजुरी घेतलीस का? इमर्जन्सीत आधी फोनवर कळवून मंजुरी घेता येते आणि कागद मागाहून जोडता येतात हे मला तर माहीत नव्हतंच, पण मला वाटतं त्या पोराला कोणी विचारलंच नव्हतं कधी. तो आमचा माणूस आहे, हॉस्पिटलचा नाही, हे तुम्ही सांगितल्यावर कळलं. त्याने टाळाटाळ केली नाही, हेही लिहायला पाहिजे. तोपर्यंत तुम्ही माझ्या फोनवरून योजनेची हेल्पलाइन १५५३८८ लावून दिलात, आणि काउंटरवरच्या मॅडमना ऐकू जाईल अशा आवाजात हॉस्पिटलचं नाव स्पेलिंगसकट सांगितलंत. फुल्ल असलेला बेड त्यानंतर रिकामा झाला.

रेशनकार्ड गावचं, जालन्याकडचं, केशरी. मी म्हटलं हे इथे चालणार नाही. तुम्ही म्हणालात योजना महाराष्ट्राची आहे, दिघ्याची नाही. आधारवर बाबांच्या नावात एक अक्षर जास्त होतं त्यावरून परत एक तास गेला, ते जाऊदे.

स्टेंट बसला. बाबा आयसीयूत होते आणि खाली हॉस्पिटलचा मॅनेजर खूप गोड बोलायला लागला, भरलेल्या तीस हजारांतले माणुसकी म्हणून दहा परत करतो, विषय संपवू. मामा खूश, आई रडायला लागली, हात जोडायला निघालीच होती आणि तुम्ही तिचे हात धरलेत. भांडला नाहीत. एवढंच म्हणालात, माणुसकी नको, हिशोब द्या, योजनेत पेशंटकडून पैसे घेता येतात का ते आधी सांगा. मला तेव्हा खरंच तुमचा राग आला होता, हातात आलेले दहा हजार ही बाई घालवते. तीसच्या तीस परत आले, दोन टप्प्यात, लेखी तक्रार केल्यावर.

आता पैसे वाचले हे तर आहेच, पण पत्र त्यासाठी नाहीये. पैसे साहेबांनीही वाचवले असते थोडे. पण चिठ्ठीने जे मिळतं त्याचा हप्ता आयुष्यभर जातो, सभेला या, झेंडा लावा, निवडणुकीत लक्षात ठेवा, आणि मुख्य म्हणजे मान खाली. तुमच्याकडून जे मिळालं त्यात कोणाचंच देणं नव्हतं. तुम्ही तर रिक्षाचे पैसेही घेतले नाहीत, उलट वर म्हणालात, रविवारी ये, दुसऱ्या एकाचं रेशनकार्ड बघायचंय.

मी रविवारी आलो ते आधी उपकार फेडायला म्हणूनच. तुम्ही तिथे झाडाखाली टेबल टाकून बायकांना हकीम शेखची गोष्ट सांगत होता. ती मला पाठ झालीये आता. पश्चिम बंगालचा शेतमजूर, १९९२ च्या जुलैमधे मथुरापूर स्टेशनवर ट्रेनमधून पडला, डोक्याला मार, कलकत्त्यात एका सरकारी हॉस्पिटलातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या, कुठे बेड नाही कुठे मशीन नाही, शेवटी प्रायव्हेटमधे सतरा हजाराच्या आसपास खर्च करून जगला. तो गप्प बसला असता. पण तो शेतमजुरांच्या संघटनेचा मेंबर होता आणि ती संघटना सुप्रीम कोर्टात गेली, १९९६ ला निकाल आला की वेळेवर उपचार न देणं म्हणजे घटनेतल्या कलम २१ चा भंग, जगण्याच्या हक्काचा, आणि पैसे नाहीत म्हणून सरकारला हात वर करता येणार नाहीत. नुकसानभरपाई पंचवीस हजार. त्याच्या आधी १९८९ ला परमानंद कटाराच्या केसमधे कोर्टाने सांगितलेलं की डॉक्टर सरकारी असो की खासगी, जीव वाचवणं आधी, पोलीस आणि कागद नंतर. तुम्ही ही नावं अशी घेता जशी आमची आई नातेवाइकांची घेते. एक बाई म्हणाली, मग त्या हकीमने कोणाची चिठ्ठी नेली होती? तुम्ही जेवढ्या हसलात तेवढं हसताना मी तुम्हाला परत बघितलं नाही.

आणि मग पगाराची स्लिप. हॉस्पिटलचं सगळं मिटल्यावर कोणीही घरी गेलं असतं, तुम्ही बाबांना विचारलंत, पगार किती, स्लिप मिळते का. सोळा हजार, स्लिप व्हॉट्सॲपवर येते, आम्ही कधी उघडून बघितलेली नाही कारण जमा झाल्याचा मेसेज आला की झालं. तुम्ही चष्मा नाकावर ओढून बघितलंत आणि बोट ठेवलंत, ईएसआय, कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, १२० रुपये. म्हणजे पगाराच्या पाऊण टक्का कामगाराचा, त्यावर मालकाने स्वतःचे सव्वातीन टक्के घालायचे, म्हणजे आणखी ५२०. एकवीस हजारांपर्यंत पगार असलेल्या कामगाराला घरच्यांसकट इलाज फुकट, आजारपणात घरी राहिलं तर नियमात बसत असेल तर सत्तर टक्के मजुरी. आमचे १२० दर महिन्याला कापले जात होते आणि बाबांचा ईएसआयचा नंबरच नव्हता. कार्ड नाही, नोंदणी नाही, काहीच नाही. गेटवरच्या इतर वॉचमनचंही तेच.

भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडे बघून तुम्ही बाबांना म्हणालात, हार रोज घालता ना, मग ऐका, हे मजूरमंत्री होते तेव्हा कामगारांच्या आरोग्य विम्याचा अडारकर रिपोर्ट आला, १९४४ ला, त्यातून १९४८ चा ईएसआय कायदा झाला. तुमच्या स्लिपवरचे १२० रुपये तिथून आलेत आणि तुमचा ठेकेदार ते खातोय. बाबा अटॅकच्या वेळी घाबरले नव्हते तेवढे तेव्हा चिडले. डॉक्टरने चिडायला मनाई केलेली, पण त्याला तुम्ही जबाबदार, सिस्टर.

एजन्सीचा माणूस फोन उचलेना तेव्हा मला वाटलं संपलं. तर तुम्ही अर्ज लिहायला लावलात कंपनीला, कारण ठेकेदाराने भरले नाहीत तरी मुख्य मालकाची, म्हणजे कंपनीची, जबाबदारी सुटत नाही, कायद्यातच आहे, मग त्याने ठेकेदाराच्या बिलातून वसूल करावेत. आणि अर्ज एकट्या बाबांचा नको, गेटवरच्या सगळ्यांच्या सह्या. बाबा म्हणाले बाकीच्यांची नोकरी जाईल. तुम्ही म्हणालात एकट्याने दिला तर एकट्याची जाईल, सगळ्यांनी दिला तर कंपनीला सकाळी गेट उघडायला कोणीतरी लागेल ना. सह्या घ्यायला मीच फिरलो रात्री, शिफ्ट बदलायच्या वेळी, दोघांनी दिली नाही, त्यांच्यावर माझा राग नाही, त्यांच्या घरी कोण कमावतं ते मला माहितीये. पुढच्या महिन्यात सगळ्यांचे नंबर आले. ज्यांनी सही दिली नव्हती त्यांचेही.

तुम्ही स्वतः नोकरी केलीत त्याच वॉर्डांतून ही भांडणं शिकलात असं एकदा बोलता बोलता म्हणालात. एकच वॉर्ड, एकच नाईट, तीच सलाईन, एक सिस्टर कायम आणि दुसरी कंत्राटी, पगारात निम्म्याहून फरक. समान कामाला समान वेतन कंत्राटी तात्पुरत्यांनाही लागू, हे सुप्रीम कोर्टाने २०१६ ला पंजाबच्या केसमधे म्हटलंय, तुम्ही तो निकाल लॅमिनेट करून पिशवीत ठेवता, निकाल लॅमिनेट करणारी बाई मी दुसरी बघितली नाही.

एका गोष्टीवर मात्र मी तुमच्याशी अजून भांडणार. तुम्ही म्हणता या योजना म्हणजे सरकारी पैसा प्रायव्हेटच्या खिशात, तोच पैसा वाशी, नेरूळ, ऐरोलीच्या महापालिका हॉस्पिटलात आणि कळव्याला लावा, डॉक्टर भरा, नर्स भरा. बरोबर आहे. २०२३ च्या ऑगस्टमधे कळव्याच्या हॉस्पिटलात एका दिवसात १८ पेशंट गेले ते आपण विसरलेलो नाही, ठाण्याचं सिव्हिल हॉस्पिटल नव्याने बांधायला घेतलेलं आणि सगळा जिल्हा एकाच दारात. त्याच १५ ऑगस्टपासून राज्याच्या आरोग्य खात्याच्या हॉस्पिटलात उपचार फुकट झाले, चांगलं झालं, पण महापालिकेची हॉस्पिटलं त्यात नाहीत आणि आपल्याकडे दारात असतात ती महापालिकेचीच. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात सरकारनेच लिहून ठेवलं की २०२५ पर्यंत जीडीपीच्या अडीच टक्के आरोग्यावर खर्च करू, ते वर्ष आलं आणि गेलं, अडीच काही झाले नाहीत. सगळं मान्य. पण सिस्टर, त्या सकाळी बाबांना मी धोरण बदलेपर्यंत थांबा असं सांगू शकत नव्हतो, योजनाच कामाला आली. तुम्ही म्हणाल मी कुठे नको म्हणते, दोन्हीसाठी भांड. हो, भांडतोय. फक्त मोर्चे वर्किंग डेला ठेवू नका, रोजंदारीवाल्याचा खाडा होतो, हे मी तुम्हाला मीटिंगमधे सांगितलं तर तुम्ही म्हणालात रविवारी ऑफिसात निवेदन घ्यायला शिपाई तरी असतो का. यावर माझ्याकडे उत्तर नाही पण मुद्दा मी सोडलेला नाही.

हां आणि ते स्टेंटचं. २०१७ च्या फेब्रुवारीत सरकारने किमतीवर कॅप आणली, औषध लावलेल्या स्टेंटला २९,६०० रुपये, त्याआधी तोच लाखाच्या वर लावायचे, आणि तीही कोणीतरी कोर्टात जाऊन भांडल्यामुळे आली, हे तुम्ही बाबांना सांगितल्यापासून ते येणाऱ्या जाणाऱ्याला छातीवर हात ठेवून सांगतात, यात केस लढलेल्यांचा माल आहे. आई वैतागलीये.

आई पण आता तुमच्यामुळे बिघडलीये. जिथे पोळ्या करते तिथल्या वहिनींनी दिवाळीला जुनी साडी दिली तर म्हणाली, साडी राहूदे, महिन्याला दोन भरपगारी सुट्ट्या द्या. मिळाल्या. साडी पण मिळाली.

एजन्सीने आता नंबर दिलेत पण मागच्या वर्षांचे कापलेले पैसे कुठे गेले त्याची सुनावणी बाकी आहे, तारीख लागलीये, तुम्हाला मेसेज केलाय, तो तरी वाचा, छोटा आहे. बाबा आणि गेटवरचे सगळे येतायत, नाईटवाले झोप मोडून. सगळ्यांच्या स्लिपा मी महिन्यांप्रमाणे लावून ठेवल्यात. झेरॉक्सचे पैसे यावेळी मी देणार, तिथे दुकानदारासमोर वाद घालायचा नाही.

तुमचा,
दिघ्याच्या वॉचमनचा मुलगा