नाडीची लय आणि पक्षाघाताचा धोका

महोदय,

हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्याला बोटाच्या आकाराची एक छोटी पिशवी जोडलेली असते. एट्रियल फिब्रिलेशन म्हणजे हृदयाची लय बिघडून नाडी अनियमित होण्याचा आजार; त्यात हा कप्पा नीट आकुंचन न पावता नुसता थरथरतो, त्यामुळे पिशवीत रक्त साचून गुठळी होते आणि ती सुटून मेंदूत गेली की पक्षाघात होतो. झडपेचा आजार नसलेल्या रुग्णांत सुमारे ९० टक्के गुठळ्या याच जागी आढळतात. माझ्या वडिलांनी ‘आता धडधडत नाही’ म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी परस्पर बंद केली आणि पंधरवड्यात त्यांची उजवी बाजू लुळी पडली. धडधड थांबली तरी गुठळीचा धोका राहतो, हे गोळी देतानाच कुणीतरी समजावायला हवे होते. नागपुरातील दवाखान्यांत पासष्टी ओलांडलेल्यांची नाडी निदान अर्धा मिनिट हाताने तपासावी, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, धंतोली, नागपूर