शेंगांच्या पुडीतलं आधार

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू सहज बोलून गेलीस, "बाबा, रूम ठरली, एजंटला आधार-पॅन व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं." दुकानात गिऱ्हाईक होतं, म्हणून गप्प बसलो. रात्री मात्र झोप लागेना.

बावीस वर्षं झेरॉक्सचं दुकान चालवतोय. प्रत काळी आली, वाकडी आली, की मशीनखालच्या खोक्यात आणि महिनाअखेरीला रद्दीत. यात काही वावगं आहे असं कधी मनातही आलं नाही. गेल्या मार्गशीर्षात खडे बाजारात भाजक्या शेंगा घेतल्या. पुडी उलगडली तर आतून एक म्हातारी माझ्याकडे बघत होती. नाव, जन्मसाल, खानापूर तालुक्यातलं गाव, बारा आकडे अगदी स्वच्छ. आणि कडेला ती बारीक काळी रेघ. आपल्या मशीनच्या ड्रमला ओरखडा आहे ना, त्याची. शेंगा तशाच खिशात राहिल्या. तेव्हापासून खराब प्रती मी हाताने बारीक फाडतो. गिऱ्हाइकं हसतात, हसू देत.

आपल्या बेळगाव भागात तर या प्रतींना अंतच नाही. रेशनकार्डावर नाव कानडीत एक, बँकेत इंग्रजीत दुसरं, दाखल्यावर मराठीत तिसरं. दुरुस्तीला गेलं की दर टेबलावर नवा सेट. 2023 च्या पावसाळ्यात बायकांसाठीच्या सरकारी गृहलक्ष्मी योजनेची नोंदणी चालू होती, तेव्हा फॉर्म कानडीत म्हणून बायका मोबाइलच हातात द्यायच्या, "तूच भर रे बाबा." ओटीपी आला की मोठ्यांदा वाचायच्या, सगळी रांग ऐकायची.

आईचं तुला सांगितलं नव्हतं. स्कूटरच्या कर्जाला गेलो, तर तिच्या नावावर आधीच अठरा हजारांचं थकलेलं कर्ज, कुठल्याशा मोबाइल अ‍ॅपचं. तिला अ‍ॅप म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप, एवढंच ठाऊक. "मी कुणाचे पैसे बुडवले?" म्हणून दोन दिवस जेवली नाही. पोलिसांत तक्रार, त्या कंपनीला पत्रं, कर्जांची नोंद ठेवणाऱ्या सिबिलकडे हरकत; नाव साफ व्हायला चार महिने गेले. आयटी कायद्याच्या 66सी कलमात दुसऱ्याची ओळख वापरणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. पण त्यासाठी आधी चोर सापडायला हवा ना! तो अजून सापडलेला नाही.

तर आता त्या एजंटाला दिलेलं परत घेता येणार नाही. पुढच्याला मात्र मास्क्ड आधार दे. त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात, शेवटचे चारच दिसतात. आधारच्या साइटवरून उतरवून घेता येतं. कागदावर प्रत द्यायची झाली तर फोटोवरून आडवं लिही, "फक्त भाडेकरारासाठी", खाली तारीख आणि सही. संचारसाथी या सरकारी साइटवर जाऊन तुझ्या नावावर किती सिमकार्डं आहेत ते बघ. सिबिलचा रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो, तोही काढ. न घेतलेलं कर्ज त्यातच दिसतं. आणि तुझं सिम अचानक बंद पडलं, नेटवर्क गेलं असेल म्हणून बसून राहू नकोस. तुझा नंबर दुसऱ्या कार्डावर चालू करून ओटीपी तिकडे घेतात. पैसे गेलेच तर आधी 1930 ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन, मग बँक, मग मला. रडणं नंतर.

आधारला जोडलेले बोटांचे ठसेसुद्धा लॉक कर. 2023 सालीच आपल्या कर्नाटकात खरेदीखतांवरच्या ठशांची नक्कल करून, आधारच्या अंगठ्यावर खात्यांतून पैसे काढल्याच्या तक्रारी झाल्या. त्यात ओटीपी येतच नाही. वाचल्याबरोबर मी आईचे ठसे लॉक करून टाकले आणि तिला सांगायचं विसरलो. महिन्याच्या रेशनला गेली, मशीन अंगठाच घेईना. मागे लांब रांग. घरी आल्यावर मला काय काय ऐकावं लागलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. आधारच्या अ‍ॅपमधून थोड्या वेळापुरतं लॉक उघडता येतं, हे दोघांनाही त्या दिवशी कळलं.

परवा गल्लीतला एकजण पुण्याला निघालाय, त्याच्याबरोबर कुंदा पाठवतो. डबा कोऱ्या कागदात बांधलाय, रद्दीत नाही.

तुझा,
बाबा